सैतानाच्या कोटाचं माप

"गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि कच्च्या दिलाच्या लोकांनी तंबूत येऊ नये! आल्यास मालक जबाबदार राहणार नाही!"

कर्णा बांधलेली जीप दुकानावरून गेली, तशा माझ्या सासूबाई हातातलं बटणाचं काज अर्धं टाकून उठल्या, ओट्यावर आल्या आणि जीप वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "कौसा, म्हंजी आपुन जायाचंच की गं."

जीपनं नको म्हटलं म्हणून त्या वर्षी आळवडीच्या जत्रेत सगळ्या गरोदर बाया तंबूत पहिल्या रांगेत होत्या. एक तर तिथंच बाळंत झाली. हे सांगितलं की माझी नातवंडं म्हणतात, आजी, हे तू फेकलंस. बरं बाई, बाळंत घरी जाऊन झाली. पण कळा तंबूत सुरू झाल्या, आणि पोरगं जन्मलं ते आठ दिवस डोळे मिटायला तयार नव्हतं. ह्यातलं एक अक्षर मी कमी करणार नाही.

सिनेमाचं नाव होतं 'सात कुओं का शैतान'. आणि त्यातला सैतान म्हणजे, बाबालाल कंडक्टरच्या म्हणण्याप्रमाणे, माझा नवरा होता.

बाबालाल मुलाणी आमच्या गावच्या मुक्कामी गाडीचा कंडक्टर. मुंबईला गेलेल्या माणसांचे निरोप तोच आणायचा. जत्रेच्या आदल्या आठवड्यात तो दुकानात आला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "केरबामामा, माणिक भेटला हुता. सिनेमात लागलाय. त्यो म्हणतोय, जत्रंत सैतानाचा सिनेमा येणार हाय, त्यो सैतान मीच. आबांना सांग, बघून या."

मामंजी शिलाईच्या मशीनवर होते. पाय थांबला नाही त्यांचा. "सैतान?" म्हणाले. "त्यासाठनं मुंबईला कशाला जायाला पायजे हुतं? हितं काय कमी हुता?"

"तोंडावर रबराचं हाय काय तरी. वळखू येणार न्हाई म्हणाला."

"वा! म्हंजी कुणाच्याबी नावावर खपतंय."

मी आत चुलीपाशी बसून ऐकत होते. भाकरी करपली ती मला कळली नाही.

तुम्हाला आमचं घर सांगायला हवं. आम्ही शिंपी. दुकान पुढं, घर मागं, मधल्या दाराची चौकट इतकी बुटकी की उंच माणसानं वाकलंच पाहिजे. हे चांगले सहा फुटी. लहानपणापासून कपाळाला इतकी टेंगळं घेतली होती की शेवटी कुठल्याही दारातनं जाताना मान आपोआप खाली जायची. देवळाच्या महाद्वारातनंसुद्धा वाकून जायचे. लोकांना वाटायचं, काय भक्ती आहे!

आणि दुसरी गोष्ट म्हणजे, हे डावरे. शिंप्याच्या घरात डावरं पोर म्हणजे मोठं दुखणं. कात्र्या सगळ्या उजव्या हाताच्या. डाव्या हातात धरली की कापड कापत नाही, नुसती चावते. मामंजींनी ह्यांचा डावा हात मशीनच्या पायाला कापडाच्या पट्टीनं बांधून ठेवावा आणि उजव्यानं कापायला लावावं. जेवतानाही तेच. पंचविशीला आले, लग्न झालं, तरी बापासमोर डावा हात मांडीखाली घालून जेवायचे. मी ताटात वाढायला वाकले की मला तो हात दिसायचा. मांडीखाली दडपून बसलेला, शिक्षा झाल्यासारखा.

मग एक दिवस पाटलांच्या कोटाचं कापड उजव्या हातानं तिरकं गेलं. गिऱ्हाईक समोर बसलेलं. मामंजींनी ह्यांच्या थोबाडीत दिली. हे सकाळी उठून बाबालालच्या गाडीत बसले. मला म्हणाले, "बस्तान बसलं की न्यायला येतो."

ते गेले त्याला आता वर्ष होत आलं होतं. माझा थोरला भाऊ दोनदा येऊन बसून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा स्पष्टच म्हणाला, "मामा, जत्रा झाली की बहिणीला घिऊन जातो. काडी मोडून घ्यू. तिचं वय हाय, दुसरं घर बघू."

आणि मामंजी काय म्हणाले? "बरोबर हाय तुमचं." त्यांचा माझ्यावर राग नव्हता. दुसऱ्याच्या पोरीला किती दिवस ताटकळत ठेवायची, एवढंच त्यांच्या मनात.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते? की तुमचा मुलगा रोज संध्याकाळी कंदील मागं ठेवून भिंतीवर हाताच्या सावल्या पाडतो? मी गोष्ट सांगायची आणि त्यांनी करून दाखवायची. मी म्हणायची, "मग विहिरीतनं एक हात वर आला..." की भिंतीवर हात. मी म्हणायची, "मग त्याला तीन डोकी फुटली..." की हे गडबडायचे, "दोनच हात हायत माझ्याकडं, एक डोकं कमी कर की!" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलीकडनं ओरडायच्या, "काय चाललंय रं? दिवा मालवा!" अशा माणसाला सोडून दुसरं घर म्हणजे कसलं घर?

तर बाबालाल निरोप सांगून गेला आणि आत्याबाईंनी लेकाच्या बाबतीत पहिल्यांदा मामंजींपुढं तोंड उघडलं.

"तोंडावर रबर असंना. हातावर हाय का? माझा माणिक डावरा हाय. कुणाचा गळा धरायचा झाला तर डाव्यानंच धरंल."

मामंजींचा पाय थांबला. मशीन थांबलं की आमच्या घरात एकदम मोठी शांतता व्हायची.

"बरं," ते म्हणाले. "डावा हात दिसला तर सून मुंबईला जाईल. मी सोता गाडीत बसवून दीन. आणि न्हाई दिसला, तर भावासंगं माहेरी. मग माझ्यापुढं त्या पोराचं नाव काढायचं न्हाई."

झालं. माझा संसार एका रबरी भुताच्या हातावर येऊन बसला.

आता तंबू. तंबूच्या मधोमध पडदा असायचा. पांढरं कापड, पाणी मारून ओलं केलेलं, म्हणजे चित्र आरपार दिसायचं. पुढच्या बाजूला सिनेमाचं मशीन आणि पुरुष. मागच्या बाजूला आम्ही बाया. हे असंच असायचं, माझ्या आईच्या वेळेपासून. दोन्हीकडनं सिनेमा तोच. पुरुषांच्या बाजूला विड्यांचा धूर आणि शिट्ट्या, आमच्या बाजूला पोरांची रडारड आणि शेंगांची टरफलं. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. सिनेमातल्या बाया उजव्या खांद्यावर पदर घ्यायच्या, ती मुंबईची फॅशन. आमच्या आळीतली द्वारकी तर जत्रा झाली की महिनाभर उजव्या खांद्यावर पदर घेऊन हिंडायची. आत्याबाई शिंप्याची बायको, त्यांचं लक्ष बटणांवर. त्यांनी एकदा मामंजींना सुनावलंही होतं, "मुंबईचं गडी बायकांवानी बटणं लावत्यात, तुमी अजून जुन्याच तऱ्हेनं शिवता." मामंजी म्हणाले होते, "डोकं फिरलंय तुझं." मी तिसरीपर्यंत शिकलेली. पडद्यावर नावांच्या पाट्या आल्या की मला एक अक्षर लागायचं नाही. मला वाटायचं, हिंदी अशीच लिहितात.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

अहो, काय सिनेमा होता! आता तुम्ही काय बघता, भूत कसं अगदी खऱ्यासारखं असतं. खऱ्यासारखं भूत बघायला सिनेमा कशाला हवा? आमचं भूत कसं, मानेपाशी रबराची शिवण दिसायची. एक शास्त्रज्ञ होता, त्याच्या बंगल्यात बाटल्यांतनं रंगीत पाणी बुडबुडायचं. आभाळातनं उडती तबकडी यायची. ती बघून द्वारकी मोठ्यानं म्हणाली, "अगं, ही तर जर्मनची परात!" आणि खरंच अॅल्युमिनमची परातच होती, वरची दोरीसुद्धा दिसत होती. त्या परातीतनं वीज निघायची आणि ती त्या शास्त्रज्ञानं विहिरीत बुडून मेलेल्या माणसाच्या अंगात सोडायची. विहिरी म्हणे सात. पण एकच विहीर सात बाजूंनी दाखवली होती, कडेचा उंबर प्रत्येक वेळी तोच. आणि प्रत्येक विहिरीवर एक बाई अंघोळीला यायची. भर थंडीत, अंगावर पातळ साडी, आणि वर गाणं.

"न्हाती काय, गाती काय," एक म्हातारी म्हणाली. "घरी पाणी तापवाय लाकडं न्हाईत जणू."

"मावशे, गप. त्यो आला बघ!"

विहिरीच्या काठावर पाच बोटं आली. सगळ्या बाया एकदम किंचाळल्या. मग एकमेकींकडं बघून हसल्या. मग पुन्हा किंचाळल्या. वर्षभर ज्या घरात मोठ्यानं बोलायच्या नाहीत, त्या घसा फाटेपर्यंत ओरडत होत्या आणि कुणी त्यांना गप म्हणत नव्हतं. मला वाटतं, भूत हे निमित्त. ओरडायला मिळायचं म्हणून आम्ही जायचो.

पण त्या दिवशी मी ओरडले नाही. मी हात बघत होते.

सैतान वर आला. काळा लांब कोट, चेहऱ्याचा नुसता लगदा. शास्त्रज्ञ मागं मागं सरकला. सैतानानं एक हात उचलला आणि त्याचा गळा धरला.

उजवा.

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या पडद्याकडं बघत होत्या, मग त्यांनी माझा हात सोडला.

"उजवा हाय," म्हणाल्या. "न्हवं आपला."

आणि मग वर्षभर साठलेलं सगळं बाहेर आलं त्यांचं. लेक दुरावल्याचं, नवऱ्याच्या धाकाचं, आता सून जाणार त्याचं, सगळं त्या सैतानावर. सैतान दिसला की उभ्याच राहायच्या. "मुडदा बशिवला तुझा! मेल्या, जळून मरशील!" गावकरी मशाली घेऊन सैतानामागं धावले तेव्हा तर त्यांनी लुगड्याचा पदर खोचला. "मारा मेल्याला! जाळा! राख करा त्याची!" बाकीच्या बायांनी सिनेमा सोडून ह्यांचीच मजा बघायला सुरुवात केली.

सैतान पळत बंगल्याकडं आला. बंगल्याचं दार केवढं मोठं, दोन हत्ती जातील असं. आणि त्या दारातनं आत शिरताना सैतानानं मान खाली घातली. वाकला.

मी शेजारी बघितलं, आत्याबाई उभ्याच होत्या, पण ओरडायच्या थांबल्या होत्या. मला वाटलं, घसा बसला असेल.

मग बंगला पेटवला. आगीत सैतान गेला.

बाहेर आलो तर मामंजी गोडीशेवेच्या दुकानापाशी उभे होते, छत्रीवर दोन्ही हात ठेवून. डोळे लाल. धुरानं असतील म्हणून मी मनात म्हटलं.

आत्याबाईंनी त्यांना काही विचारूच दिलं नाही. "उजवा हात हुता. न्हवं आपला. चला घरी."

मामंजी म्हणाले, "डावा हुता."

"उजवा!"

"अगं, डाव्या हातानं गळा धरला त्यानं. मी समोर बसलो हुतो."

"मी काय पाठ करून बसले हुते? उजवा!"

"डावा! आणि कोटाची बटणं तुला दिसली का? शिवलाय कुणी कुणास ठाऊक, डावा खांदा निम्म्यावर उतरतोय, पर बटणं तरी बरोबर जागी हुती. उजव्या अंगाला."

"बटणं डाव्या अंगाला हुती! बायकांवानी!"

गोडीशेववाला तराजू हातात धरून ऐकत होता. आणि मी तिथं उभी राहिले आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट सरकायला लागली. बटणं. पदर. न वाचता येणारी हिंदी.

"आत्याबाई," मी म्हटलं, "आपुन पडद्याच्या मागं बसतो."

"मग?"

"चोळी उलटी क्येली की डावी बाही उजवीकडं जाती का न्हाई? आपल्याला समदा सिनेमा उलटा दिसतोय. जलमापासनं उलटाच बघतोय आपुन."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मग छत्रीकडं. मग हळूच म्हणाले, "तरी म्हणलं, ही बटणांचं काय बोलती सारखं."

मला वाटलं, सुटले. पण आत्याबाई तरातरा पुढं निघाल्या. "कायबी सांगतीस. पडदा काय खोटं बोलतोय? उजवा म्हणजे उजवा. न्हाई त्यो माझा माणिक. न्हाई म्हणते ना!"

घरी आल्यावर मामंजी माझ्याशी बोलले. कधी बोलायचे नाहीत, सासरे सुनेशी कशाला बोलतात? कात्रीला तेल लावता लावता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, माझ्या बघण्याला काय किंमत न्हाई. मी त्याचा हात बांधून ठिवला हुता. मला कुठलाबी हात डावाच दिसणार. त्याच्या आईनं वळखलं पायजे. तिनं व्हय म्हणलं तरच मी तुझ्या भावाला तोंड दीन."

भाऊ दुसऱ्या दिवशी, जत्रा उठताना, गाडी घेऊन येणार होता.

सकाळी बघते तर आत्याबाई चुलीपुढं बसलेल्या. मीठमोहऱ्या उतरवून विस्तवात टाकत होत्या. उतरवायला समोर कुणी नव्हतं. रिकाम्या पाटावरून उतरवत होत्या. तो ह्यांचा पाट होता.

मी जवळ जाऊन बसले.  मोहऱ्या तडतडल्या.

मग आत्याबाई म्हणाल्या, "कौसा, मी काय म्हणलं गं काल?"

"कुठं काय."

"जळून मर म्हणलं. राख करा म्हणलं. भर जत्रंत, देवीच्या दारात, तिन्हीसांजच्या येळंला." त्यांचा आवाज बारीक झाला. "तिन्हीसांजचं बोललेलं वास्तू ऐकती. आईनं बोललेलं तर... त्यो उजवाच हुता गं. उजवाच असू दे. तुझ्या पाया पडते, उजवाच असू दे."

तेव्हा मला कळलं. ओळखलं होतं त्यांनी. दारात वाकला तेव्हाच ओळखलं होतं. पण तोवर सगळं बोलून झालं होतं.

माझं वय वीस, अक्कल त्याहून कमी, पण एक गोष्ट मला आईच्या पोटातनं येते, ती म्हणजे थाप. मी पदर सावरला, आवाज खाली आणला आणि सुरू केलं.

"आत्याबाई, आमच्या माहेरी अशीच एक झाली हुती. जनाकाकू म्हणून. तिनंबी तंबूत सिनेमातल्या राक्षसाला शिव्या दिल्या, आणि तिच्या लेकाला ताप भरला. मग गुरवानं सांगितलं, पडद्याच्या पाठीला दिलेला शाप पोचत न्हाई, मधी अडकून ऱ्हातो. तीन दिवस कापडात अडकून ऱ्हातो."

"आणि मग?"

"तीन दिवसांच्या आत त्याच पडद्यावर, त्याच सिनेमात, समोरच्या अंगानं जाऊन दृष्ट काढायची. शाप उलटा फिरून आशीर्वाद हुतो. सिनेमा उलटा, मग शापबी उलटा. जनाकाकूचा लेक दुसऱ्या दिवशी उठून कुस्ती खेळला. म्हशीसंगं."

"म्हशीसंगं?"

"पाडलं त्यानं म्हशीला."

आत्याबाईंनी माझ्याकडं टक लावून बघितलं. खोटं बोलतेय हे त्यांना कळलं असावं. पण कधी कधी माणसाला खोटंच हवं असतं, हातात धरायला. त्या उठल्या आणि त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं.

संध्याकाळी शेवटचा खेळ. पुरुषांच्या दारावर तंबूचा माणूस उभा. "बाया मागल्या अंगानं!" म्हणून त्यानं हात आडवा केला. सगळी जत्रा बघायला लागली.  पाठीमागनं मामंजी आले. आयुष्यात रीत मोडली नव्हती त्या माणसानं, गंध लावल्याशिवाय सुईत दोरा ओवायचे नाहीत. त्यांनी छत्रीच्या टोकानं त्याचा हात बाजूला केला.

"माझ्यासंगं हायत," म्हणाले. "पोराला बघाय आल्यात."

आम्ही आत जाऊन बसलो. दोन्ही बाजूंचे पुरुष असे सरकले, जणू आम्हीच विहिरीतनं आलोय. दिवे गेले. पाट्या आल्या, आणि अहो, मला वाचता आल्या! 'सात कुओं का शैतान'! मला रडूच आलं.

सैतान वर आला. हात उचलला.

डावा. चांगला लांब, मनगटाशी जरा वळलेला, मांडीखाली दडपून दडपून वळण पडलेला. भर तंबूत, हजार माणसांसमोर उघडा. त्या हाताला आता कुणी बांधणारं नव्हतं. त्यानं शास्त्रज्ञाला गळा धरून असा अलगद उचलला की मला बाई त्या शास्त्रज्ञाचा हेवा वाटला.

"आमचाच," मामंजी पुटपुटले. आत्याबाई नुसत्या बघत होत्या.

मशाली आल्या. सैतान पळाला, दारात वाकला, बंगला पेटला. आणि आत्याबाई उठल्या. मला वाटलं, बाहेर चालल्या. त्या बाहेर गेल्या नाहीत. माणसांच्या मधनं वाट काढत सरळ पडद्याकडं गेल्या, मशीनच्या उजेडात. त्यांच्या लुगड्यावर आग पेटली, पाठीवर ठिणग्या उडाल्या, आणि पडद्यावर, जळणाऱ्या सैतानाशेजारी, त्यांची काळी सावली उभी राहिली. सैतानापेक्षा मोठी.

"ए म्हातारे, बस खाली!" मागनं कुणी ओरडलं.

त्यांनी दोन्ही हात वर केले. सैतानाच्या त्या लगदा झालेल्या तोंडावरनं फिरवले, आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला.

"इडापिडा टळो माझ्या लेकराची," म्हणाल्या. "माणक्या, शंभर वर्सं जग रं बाबा. आयचं बोलणं मनावर घिऊ नगं."

पुरुषांच्या बाजूला एक शिट्टी वाजली नाही. विड्या हातात तशाच विझल्या.

पण पलीकडं! पलीकडं बायांना काय माहीत? त्यांना दिसलं ते एवढंच की कालच्या सिनेमात नव्हतं असं दुसरं एक काळं भूत, तंबूएवढं, पडद्यातनं हात वर करून आलं आणि सैतानाला गिळायला निघालं. असा काही गलका उठला की आळवडीच्या जत्रेत त्याच्या आधी झाला नाही आणि नंतर होणार नाही. टरफलं, चपला, पोरं, सगळं टाकून बाया कनात फाडून बाहेर. द्वारकी तर थेट देवळाच्या शिखरावर चढली. बरं, पायरीवर. पण पदर डाव्या खांद्यावर आला तो कायमचाच.

भाऊ बाहेर गाडी जुंपून उभा होता. आत्याबाई त्याच्याकडं गेल्या आणि म्हणाल्या, "पाव्हणं, जेवायला चला. पोरगी न्हाई यायची. तिचा नवरा डावरा हाय."

भावाला काही कळलं नाही. पण जेवायला आला.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी. माझं बोचकं बांधून झालं होतं. मामंजी दुकानातनं आले, गळ्यातली माप घ्यायची टेप काढली, तिची नीट गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. लग्नात मिळाली होती त्यांना, कधी दुसऱ्याला हात लावू दिला नव्हता.

"कोटाचा खांदा उतरत हुता," म्हणाले. "सैतान झाला म्हणून काय झालं? शिंप्याचा पोरगा हाय. अंगात कुणाचाबी कोट घालून उभा ऱ्हातोय व्हय? माप घिऊन धाड. खांद्याचं नीट घे. डाव्या हाताला ओढ बसता कामा नये, मोकळा फिरला पायजे."

आणि वळून मशीनवर जाऊन बसले.

त्यांनी शिवलेला तो कोट पुढं किती सिनेमांत जळला, बुडाला, विहिरीत पडला, त्याचा हिशोब नाही. प्रत्येक वेळी आत्याबाई तंबूत समोरच्या बाजूला बसून बोटं मोडायच्या. हे त्र्याऐंशी वर्षं जगले. तेव्हा जनाकाकूची गोष्ट खोटी होती असं आता मीसुद्धा म्हणत नाही.

मुंबईत बाबालालनं मला एका मोठ्या गोदामाच्या दारात सोडलं. आत ऊन झिरपत होतं, एका कोपऱ्यात ती परात दोरीसकट पडली होती. भिंतीला टेकून एक सैतान बसला होता. रबराचं तोंड कपाळावर सरकवलेलं, पुढ्यात पुरीभाजी. डाव्या हातानं जेवत होता.

मला बघितलं आणि हे दचकून उभे राहिले. घास खाली ठेवला. हात पटकन पाठीमागं.

"कौसा? आबा आल्यात?"

"मी एकटीच आले. मामंजींनी धाडलंय, माप घ्यायला." मी टेप उलगडली. "हात वर करा."

त्यांनी उजवा हात वर केला.

"त्यो न्हवं," मी म्हटलं. "दुसरा."